बलराम हलवाई नेमका कुठे घसरला? ('द व्हाइट टायगर')

कारंजेकर

आमच्या नाशिकच्या गंगापूर रोडच्या वाचनगटात या वेळी अरविंद अडिगांची 'द व्हाइट टायगर' घेतली होती. २००८ साली बुकर मिळालं तेव्हा या कादंबरीवर खूप बोललं गेलं, २०२१ मध्ये नेटफ्लिक्सवर सिनेमा आला तेव्हा पुन्हा. गटात वाद चांगलाच रंगला, पण सगळा एकाच प्रश्नावर अडकला: बलरामने मालकाचा खून केला ते समजून घेता येतं की नाही? मला वाटतं, हा प्रश्न विचारायची जागाच वेगळी आहे. म्हणून धागा काढतेय.

न वाचलेल्यांसाठी थोडक्यात सांगते. (शेवट उघड होणार आहे. वाचायची असेल तर इथेच थांबा.)

बलराम हा लक्ष्मणगढ नावाच्या खेड्यातल्या रिक्षा ओढणाऱ्याचा मुलगा. शाळेत हुशार. तपासणीला आलेले इन्स्पेक्टर त्याला पांढरा वाघ म्हणतात, असा वाघ एका पिढीत एकदाच जन्माला येतो म्हणून. पण चुलत बहिणीच्या लग्नाच्या कर्जापायी शाळा सुटते आणि पोरगा चहाच्या दुकानात कोळसा फोडायला बसतो. पुढे धनबादला गाडी शिकतो, गावच्याच जमीनदाराकडे ड्रायव्हर म्हणून लागतो आणि त्याच्या अमेरिकेहून परतलेल्या मुलाबरोबर, अशोकबरोबर, दिल्ली-गुडगावला जातो. एका पावसाळी रात्री चाक बघायच्या निमित्ताने अशोकला खाली बसायला लावतो, दारूच्या फुटक्या बाटलीने त्याचा जीव घेतो आणि लाच द्यायला चाललेली सात लाखांची लाल बॅग उचलतो. मग बंगळूर, स्वतःची टॅक्सी कंपनी, आणि नवीन नाव: अशोक शर्मा. हे सगळं तो स्वतःच सांगतो, चीनचे तेव्हाचे पंतप्रधान वेन जियाबाओ यांना रात्री बसून लिहिलेल्या लांबलचक पत्रांतून.

आता माझा मुद्दा. अशोक आणि बलराम यांच्यात इतकी दरी आहे की खुनाच्या बाजूने निदान युक्तिवाद तरी करता येतो. पण त्याच्या खूप आधी, धनबादच्या घरात, राम परसाद नावाचा ड्रायव्हर आहे. घरातला एक नंबरचा. होंडा सिटी तो चालवतो, बलरामच्या वाट्याला मारुती. खोलीत पलंग त्याचा, बलराम जमिनीवर. रमजानच्या महिन्यात बलरामला त्याचा संशय येतो. तो त्याच्या मागे मागे मशिदीपर्यंत जातो आणि कळतं की हा मुसलमान आहे. मालकाला मुसलमान चालत नाहीत, म्हणून पोटासाठी नाव बदलून, देवाच्या तसबिरी लावून हा माणूस इतकी वर्षं राहिला. बलरामच्या हातात गुपित येतं आणि राम परसादची नोकरी जाते. दिल्लीला जायची संधी बलरामला मिळते ती अशी.

राम परसाद सामान बांधत असतो तेव्हा बलराम पडून असतो. उठून माफी मागावी, तूच जा दिल्लीला म्हणावं, या माणसाने आपलं काही वाईट केलेलं नाही, असं त्याच्या मनात येतं. मग तो कूस बदलतो आणि झोपतो.

माझ्या मते बलराम इथे घसरला. बाटली नंतरची. गटातल्या बहुतेकांना हा प्रसंग आठवतही नव्हता, याचं मला जास्त वाईट वाटलं. तुम्हाला काय वाटतं?

सिडकोकर

ताई, प्रसंग बरोबर पकडलात, पण बलरामला आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करायची घाई होतेय.

गुडगावची ती रात्र आठवा. अशोकची बायको, पिंकी मॅडम, दारूच्या नशेत हट्टाने स्टिअरिंगवर बसतात, रस्त्यावरचं पोर चिरडलं जातं. दुसऱ्या दिवशी वकील कागद घेऊन हजर. गाडी मीच चालवत होतो, सोबत कुणी नव्हतं, असा कबुलीजबाब आणि खाली सही बलरामची. साक्षीदार म्हणून नाव कुणाचं, तर त्याच्या आजीचं. घरच्यांना कळवलं आणि घरचे तयार झाले! पुढे प्रकरण दाबलं जातं, तेही त्याला कुणी सांगत नाही. तुरुंगाच्या भीतीने तो मरत असतो आणि मालक मंडळी विसरून गेलेली असतात. पिंकी मॅडम विचारतात की याला कुणी सांगितलं का, तेव्हा कुठे त्याला समजतं.

आणि अशोक? तो 'चांगला' मालक. शिकलेला, हळवा, ड्रायव्हरशी नीट बोलणारा. कागदावर सही होताना तो काय करतो? गप्प बसतो.

माझे वडील अंबडला एका कारखान्यात होते. अपघात झाला की वरचे साहेब सुरक्षित आणि ऑपरेटरच्या नावावर मेमो, हे मी लहानपणी घरात ऐकलंय. त्यामुळे अशोकच्या चांगुलपणाचं मला काडीचं कौतुक नाही. राम परसादच्या बाबतीतलं पाप बलरामचं म्हणता, पण मुसलमान ड्रायव्हर नको हा नियम केला कुणी?

मुंबईनाका

मी अनेक वर्षं टुरिस्ट गाडी चालवली, आता स्वतःच्या गाड्या आहेत. त्र्यंबक, शिर्डी, वणी, मुंबई एअरपोर्ट अशा ट्रिपा. पुस्तक मुलीने वाचून दाखवलं, मधले मधले भाग मराठीत सांगत. रात्री जेवण झालं की तेच.

साहेब लोकांना हे पुस्तक खुनाचं वाटतं. आम्हाला ते थांबण्याचं वाटलं. मॉलबाहेर, हॉटेलबाहेर ड्रायव्हर लोक जे बसलेले दाखवलेत ना, तसं आयुष्य काढलंय. गंगापूर धरणाकडे वायनरीवर पार्टी घेऊन जायचो. ते आत ग्लास फिरवत बसायचे, आम्ही बाहेर गाडीत. काच चार बोटं खाली, सीट मागे, मोबाइल छातीवर, कधी हाक येईल सांगता येत नाही म्हणून चप्पल पायातच. हाक आली की शर्ट नीट करून दार उघडायला धावायचं. मागे बसलेले आपल्यासमोर काहीही बोलतात: नवरा-बायकोचं भांडण, कुणाला किती पाकीट द्यायचं, सगळं. ड्रायव्हरला कान नसतात अशी त्यांची समजूत. बलराम धंदा शिकला तो असा ऐकून ऐकून. हे लेखकाने अगदी बरोबर लिहिलंय.

तेल काढणं, गॅरेजवाल्याकडून वाढीव बिल घेणं, मालक नसताना परस्पर भाडं मारणं, दारूच्या रिकाम्या बाटल्या विकणं, हे बलराम सगळं करतो. चूक आहे. पण नाइटचा भत्ता बुडवणारा मालक आणि दोन लिटर डिझेल काढणारा ड्रायव्हर, दोघांनाही एकमेकांचा हिशेब माहीत असतो. आज मी मालक आहे, मलाही माहीत असतो.

राम परसादचं मात्र वेगळं. आमच्या लाइनीत एक गोष्ट पक्की आहे, दुसऱ्या ड्रायव्हरच्या पोटावर पाय द्यायचा नाही. ज्याने दिला, त्याची गाडी रात्री कसाऱ्याच्या घाटात बंद पडली तरी जॅक द्यायला कुणी उतरत नाही. मी स्वतः असा एक जण पाहिलाय. गाड्या त्याने पुढे चार केल्या, पण स्टँडवर त्याच्या शेजारी चहाला कुणी उभं राहत नव्हतं. म्हणून ताईंचं म्हणणं मला पटलं.

देवळालीगाव

मी शाळेतून निवृत्त झाले आहे, त्यामुळे माझी नजर त्या मास्तरवर खिळली.

लक्ष्मणगढच्या शाळेत मुलांसाठी सरकारी गणवेश येतात. ते वाटले जात नाहीत, नंतर शेजारच्या गावात विकायला दिसतात. जेवणाचे पैसे मास्तर खातो. आणि गाव त्याला दोष देत नाही, कारण त्याला सहा महिने पगारच मिळालेला नाही. पुढे बलरामचे वडील क्षयाने रक्त ओकत सरकारी दवाखान्यात जातात तर डॉक्टर नाही. कारण डॉक्टर वरच्याला पैसे देऊन हजेरी लावतो आणि खासगीत कमावतो. वरच्याने ती जागा पैसे मोजूनच घेतलेली. वडील तिथेच मरतात.

या कादंबरीतल्या भ्रष्टाचाराबद्दल मला सगळ्यात अस्वस्थ करणारी गोष्ट ही की प्रत्येकाकडे कारण आहे आणि ते कारण खोटं नाही. मास्तरचा पगार खरोखरच थकलेला आहे. बलराम या शाळेत वाढला. आपल्याकडेही कारण असलं की झालं, हे तो अक्षरं गिरवायच्या वयात शिकला. म्हणून राम परसादच्या वेळी तो क्षणभर थांबतो आणि मग झोपू शकतो. सिडकोकर म्हणतात की नियम मालकाचा. अगदी खरं आहे. पण मास्तरचा पगार अडवणाराही कुणीतरी वरचाच होता, तरी गणवेश ज्याच्या अंगावर चढला नाही ते पोर खालचं होतं.

आणखी एक. आजीचं, कुसुमचं, चित्र मला एकांगी वाटलं. सगळ्यांच्या कमाईवर टपलेली म्हातारी, एवढंच तिचं काम. पण आपल्याला ती दिसते बलरामच्या डोळ्यांनी, आणि बलरामला ती वाईट असणं सोयीचं आहे. का ते पुढे कळतं: मालकाला मारलं तर मालकाची माणसं गावाकडच्या घरावर सूड उगवतील हे त्याला ठाऊक आहे, आणि तरी तो मारतो. आधी घरच्यांना मनातून उतरवल्याशिवाय हे करता आलं नसतं.

गोदाप्रवाह

फक्त सिनेमा पाहिलाय. बलराम झालेल्या आदर्श गौरवचं काम जबरदस्त. मालकासमोरचं ते हसू आणि मालकाची पाठ फिरल्यावरचा चेहरा, यातच अर्धी कादंबरी आली. वर घरच्यांबद्दल वाचलं आणि आता पुस्तक वाचावंच लागणार. वाचनालयात मिळतं का बघते.

येवलेकर

बलराम कोंबड्यांच्या खुराड्याचं सांगतो. जुन्या दिल्लीत जामा मशिदीमागच्या बाजारात खुराड्यात कोंबड्या कोंबलेल्या, समोर दुसरी कापली जातेय, रक्ताचा वास येतोय, तरी कुणी बंड करत नाही. देशातला नोकरवर्ग असाच आहे आणि स्वतःच्या घरादाराचा बळी द्यायची तयारी असलेला एखादाच यातून सुटतो, असं त्याचं म्हणणं.

हे मला मान्य नाही, आणि नाशकात राहणाऱ्या कुणालाच मान्य होऊ नये. २ मार्च १९३० ला बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला. दादासाहेब गायकवाडांनी तो पुढे रेटला, जवळपास पाच वर्षं. मार खाल्ला, तुरुंग पाहिला, गावोगावी बहिष्कार सोसले. ही माणसं बलरामपेक्षा कितीतरी जास्त घट्ट खुराड्यात होती. दार तेव्हा उघडलं नाही. म्हणून १९३५ मध्ये आमच्या येवल्यात बाबासाहेबांनी हिंदू म्हणून मरणार नाही अशी घोषणा केली. तोही बाहेर पडण्याचाच मार्ग होता, पण सगळ्यांना बरोबर घेऊन.

बलरामला हे दिसत नाही, कारण त्याला खुराडं मोडायचं नाहीच. त्याला खुराड्याबाहेर उभं राहायचंय, जिथे खाटीक उभा असतो तिथे. राम परसाद त्याचा भाऊबंद होऊ शकला असता. दोघेही मालकाच्या भीतीने खोटं हसत जगत होते. बलरामला त्याच्यात भाऊबंद दिसला नाही, शिडीची पायरी दिसली. कारंजेकर ताईंच्या मुद्द्याचा गाभा मला इथे सापडतो.

सिडकोकर

येवलेकर दादा, काळारामचा दाखला दिलात, त्याबद्दल मनापासून आदर. पण एक सांगा, चळवळ असावी लागते ना? बलरामच्या लक्ष्मणगढात काय आहे? निवडणुकीत याच्या नावावर कुणीतरी भलताच शिक्का मारून येतो. एक माणूस स्वतःचं मत स्वतः द्यायचं म्हणून केंद्रावर जातो, तर त्याला तिथेच बडवतात. गरिबांचा नेता म्हणवणारा जमीनदारांकडून पैसे घेतो. ज्याच्या गावात गायकवाड जन्मलेच नाहीत त्याने काय करायचं? वाट बघायची?

तो चांगला आहे असं मी म्हणतच नाही. मी म्हणतो की त्याच्यासमोर चांगला रस्ता ठेवलाच नव्हता, आणि हे आपण, ज्यांना रस्ते मिळाले, विसरून जातो.

सातबारा

दस्त तयार करून देणं हे माझं काम, त्यामुळे जमिनीतून वर आलेली माणसं रोज बघतो. चर्चा धनबाद आणि दिल्लीतच फिरतेय, मला बंगळूरबद्दल बोलायचंय.

बलरामने तिथे पहिलं काय केलं? कॉल सेंटरच्या लोकांची ने-आण करायचा धंदा आधीच दुसऱ्यांच्या हातात होता. तो पोलिसांकडे गेला, बॅगेतले पैसे दिले, आणि त्या गाडीवाल्यांवर लायसन्स नाही म्हणून धाडी पडल्या. धंदा याच्याकडे. म्हणजे मंत्र्याच्या खिशात जायचे पैसे पोलिसाच्या खिशात गेले, फक्त देणारा बदलला.

आमच्याकडे पहिल्यांदा फेरफाराच्या नोंदीसाठी आलेला शेतकरी मी बघतो. पाकीट देताना त्याचा हात कापतो, पन्नासदा विचारतो की काही होणार नाही ना. पुढे त्याच्याच शिवारात प्लॉटिंग सुरू होतं, चार गुंठ्यांचे व्यवहार त्याच्या हातून होतात, आणि दोन वर्षांत तो नवीन आलेल्याला स्वतःहून दर सांगतो: नोंदीला इतके, मोजणीला इतके. त्या वेळी त्याच्या आवाजात लाज नसते, शिकवण्याचा उत्साह असतो. मला त्याचाच जास्त त्रास होतो. बलरामच्या पत्रांत तोच उत्साह आहे. एका देशाच्या पंतप्रधानाला तो उद्योजक कसा घडतो हे शिकवतोय!

पण एक गोष्ट त्याच्या बाजूने नोंदवतो. त्याच्या कंपनीच्या ड्रायव्हरकडून सायकलवरचा एक मुलगा मरतो. पोलीस याच्या खिशात, प्रकरण मिटतं, सगळं गुडगावसारखंच. फरक एवढाच की ड्रायव्हरला तो बळीचा बकरा करत नाही, आणि स्वतः त्या मुलाच्या घरी जातो. आई-बापासमोर उभा राहतो, पैसे देतो, दुसऱ्या मुलाला नोकरी देऊ करतो. अशोकने त्या रस्त्यावरच्या पोराचं नावसुद्धा शोधलं नव्हतं. न्याय म्हणाल तर हा नाहीच. तरी बलराम त्या दारापर्यंत गेला आणि अशोक गेला नाही, हे मी विसरणार नाही.

कारंजेकर

सगळ्यांचे प्रतिसाद पुन्हा पुन्हा वाचले. सातबारा, हा प्रसंग आमच्या गटातही निघाला होता आणि एकीचं म्हणणं होतं की तो त्या घरी जातो ते स्वतःला अशोकपेक्षा चांगलं ठरवायला. असेलही. तरी जाणं हे जाणंच.

देवळालीगाव मॅडम, तुमच्या कुसुमबद्दलच्या परिच्छेदाने मला एक धागा सापडला. सगळी गोष्ट बलरामच्या तोंडून आहे. पहिल्याच पत्रात तो स्वतःची ओळख पोलिसी पोस्टरवरून करून देतो, 'वॉन्टेड' म्हणून त्यात काय काय लिहिलंय ते वाचून दाखवत. म्हणजे खुनाचं जगाला माहीतच आहे. पण राम परसादचं कुणाला माहीत होतं? नेपाळी चौकीदार सोडला तर कुणालाच नाही. पोस्टरवर ते नाही, कुठल्या कोर्टात ते कधी येणार नाही. तो गाळू शकला असता. घरच्यांची बाजू जशी सोयीने रंगवली तशी ही रंगवू शकला असता, राम परसादला लबाड ठरवू शकला असता. तो तसं करत नाही. मनात माफी आली होती, या माणसाने माझं काही वाईट केलं नव्हतं, आणि मी कूस बदलली, असं सरळ लिहून ठेवतो.

म्हणून त्याला निव्वळ राक्षस म्हणणाऱ्यांशी माझं जमत नाही. खुनाचा पश्चात्ताप नाही असं तो ठासून सांगतो, एका मिनिटासाठी का होईना नोकर नसणं म्हणजे काय हे कळलं, तेवढ्याने सगळं वसूल झालं असंही म्हणतो. राम परसादबद्दल मात्र अशी एकही फुशारकी नाही. तिथे तो समर्थन शोधतच नाही. सिडकोकर, तुमचं म्हणणं की त्याच्यासमोर चांगला रस्ता नव्हता. त्या रात्री मात्र होता. पलंग दोन हातांवर होता, माणूस जागा होता, आणि काय बोलायचं तेही याला सुचलं होतं.

सिडकोकर

हे पोस्टरचं लक्षात आलं नव्हतं. पुन्हा वाचतो तो भाग.

तरी एक प्रश्न राहतोच. माफी मागितली असती तर राम परसादची नोकरी वाचली असती, आणि बलराम मारुती पुसत धनबादलाच राहिला असता. पुढे भाच्याचं, धरमचं, काय? खून करून स्टेशनवर पोहोचल्यावरही तो भाच्यासाठी परत फिरतो, पकडले जायची भीती असताना. त्या पोराला तो बंगळूरला इंग्लिश शाळेत घालतो. सगळ्या घरादारातून एक पोर वाचलं ते याच माणसाने वाचवलं. हे कुठल्या बाजूला मांडायचं?

येवलेकर

दोन्ही बाजूला. घर धोक्यात घातलं त्यानेच आणि एक पोर काढलं त्यानेच. वजाबाकी करून एक आकडा निघणार नाही, आणि काढायलाही जाऊ नये असं मला वाटतं. पण राम परसादला कुणीच काढलं नाही, एवढं लक्षात असू द्या.

गोदाप्रवाह

त्याचं पुढे काय होतं पुस्तकात?

कारंजेकर

काहीच नाही. सकाळी खोली रिकामी असते. नंतर तो कथेत येत नाही.

मुंबईनाका

काम मिळालं असेल त्याला. हात चांगला असलेला आणि वेळेवर येणारा ड्रायव्हर रिकामा बसत नाही, धनबाद असो की नाशिक. माझ्याकडे आला असता तर मी ठेवला असता, खऱ्या नावाने. पण पहिल्या दिवशी तो मला खरं नाव सांगेल का, याची मला खात्री नाही. आणि त्याने नाही सांगितलं तर मी त्याला दोष देणार नाही.